गुरुवारची बाटली

मर्ना डायट्झला वाईनमधलं फारसं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. तिच्या अंत्यविधीला आमचा पाद्री "द्राक्षाचं मर्म जाणणारी" वगैरे बोलला, तेव्हा मी खाली मान घालून हसू दाबलं. मर्म कसलं! रविवारी संध्याकाळी तिला रीझलिंग नावाच्या गोड पांढऱ्या वाईनचा एक पेला लागायचा आणि त्यात ती बर्फ टाकायची. मी कधी नाक मुरडलं तर म्हणायची, "इडिथ, पेला माझा, बर्फ माझा, तू तुझा चहा पी."

पण गावात वाईन घ्यायची म्हटली की लोक तिच्याकडेच यायचे, हेही खरं. आमचं गाव तळ्याच्या टोकाला आहे, दोन्ही बाजूंच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. त्यामुळे इथल्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला वाईनमधलं कळतं. मेन स्ट्रीटवरच्या शॅटकच्या वाईनच्या दुकानात मर्ना गल्ल्यावर असायची. नवरा व्हर्न हृदयविकारानं गेला तेव्हा ती तिथं लागली, ती गुडघे संपेपर्यंत तिथंच. मी शेजारच्या घरात राहते. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि थँक्सगिव्हिंगचं जेवण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं, टर्की पक्षी भाजून करतात ते, दरवर्षी मर्नाकडे जेवले. तेवढ्या हक्कानं हे लिहिते आहे.

नोव्हेंबरचा तो आठवडा दुकानात बघण्यासारखा असायचा. वर्षभर जे घरात फक्त बियर आणतात तेसुद्धा टोप्या हातात घेऊन रांगेत उभे. टर्कीबरोबर काय प्यायचं हा प्रश्न माणसाला एरवी पडत नाही. वर्षातून एकदा पडतो, आणि पडला की लग्नाच्या अंगठीसारखी चिंता करतात. एकदा माझ्या पुढे प्रुइट उभा होता. नळजोडणीवाला. माझाच विद्यार्थी, दोनदा नापास.

"मर्नाबाई, स्वस्तातलं काहीतरी दे. टर्कीबरोबर जाईल असं."

"टर्कीचं सोड. टर्की मेलेली आहे, तिला काय फरक पडतो? टेबलावर कोण कोण आहे?"

"बायकोची आई."

"आणि?"

"बायकोचा भाऊ. निवडणुकीवर बोलतो."

"खूप?"

"सूप संपायच्या आत सुरू."

मर्नानं मागं न बघता फळीवरून एक बाटली काढली. "ही पांढरी. हिच्यात नशा कमी. मेहुण्याच्या पेल्यात हीच ओतत राहायची, तो पेले मोजेल, नशा मोजणार नाही. सासूबाईंना ही गुलाबी, गोड आहे. बाटली दिसायलाही छान, महाग वाटते."

"आणि मला?"

"तुला बियर. गॅरेजमध्ये. एकट्यानं."

सगळी रांग हसली. प्रुइटही.

असं होतं तिचं. लोक मासिकातली कात्रणं घेऊन यायचे, अमुक वाईन, तमुक साल. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ताटात काय काय आहे ते बघा की. रताळ्यावर साखर, क्रॅनबेरीची आंबट चटणी, पावाच्या सारणात सेजच्या पाल्याचा वास. एवढ्या भांडकुदळ लोकांत आणखी एक दांडगा नवरा कशाला सोडता? हलकी घ्या, जरा आंबटसर घ्या, आणि पैसे शेवटच्या गोड पाईला ठेवा." कुणी एखादी बाटली जपून ठेवायची भाषा केली की मात्र तिला राग यायचा. "ही ठेवायची वाईन नव्हे. गुरुवारची गुरुवारी संपवायची. ठेवलीत तर शिरका, व्हिनेगर होईल आणि मला शिव्या द्याल."

यात गंमत ही की तिची स्वतःची टर्की भयंकर असायची. पहाटे ओव्हनमध्ये घालायची आणि पक्षी शरण येईपर्यंत काढायची नाही. सुरी लावली की भुसा पडावा तसं मांस पडायचं. तिचा भाऊ हर्ब दरवर्षी म्हणायचा, "मर्ना, ही वाईन चांगली आहे म्हणून आम्ही जिवंत आहोत." तीही हसायची. टर्की काही बदलली नाही.

आणि ग्लेन. तिचा एकुलता एक मुलगा.

ग्लेन माझ्या वर्गात खिडकीपाशी बसायचा. सूत्रं पाठ व्हायची नाहीत, पण प्रयोगशाळेचं तुटलेलं स्टूल त्यानं असं जोडून दिलं की मी निवृत्त झाले तेव्हाही ते तिथंच होतं. पुढं सुतार झाला. बापाच्या जुन्या द्राक्षदाबाच्या यंत्राच्या ओक लाकडाच्या फळ्या पडून होत्या, त्यांचं त्यानं आईला जेवणाचं टेबल करून दिलं. काळसर, जड, एका कडेला यंत्राच्या खिळ्याचं भोक तसंच ठेवलेलं. मर्ना त्या भोकावर कधी बशी ठेवायची नाही.

तो कधी प्यायला लागला हे मला सांगता येणार नाही. गावात सगळेच पितात. मग एक दिवस कळतं की इतर सगळे थांबलेत आणि एकजण थांबलेला नाही. गावाला तर बोलायला आयतं मिळालं. "आई विकते, लेक संपवतो." मर्नाच्या तोंडावरही म्हणायचे. ती गल्ल्याचा खण जोरात बंद करायची, बस.

एका थँक्सगिव्हिंगला पाई येण्याआधीच ग्लेननं टेबलावरच्या बाटल्या रिकाम्या केल्या, हर्बशी भांडला, हर्बच्या खिशातून किल्ली घेतली आणि हर्बचा ट्रक तळ्यात घातला. नोव्हेंबरच्या पाण्यात. नशीब की काठ उथळ होता. अग्निशमनवाल्यांनी बाहेर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते. घोंगडी गुंडाळून तो काठावर बसलेला, आणि मर्ना स्वयंपाकाच्या ॲप्रनमध्येच त्याच्यासमोर उभी. अर्धं गाव बघत होतं. मीही.

"माझ्या टेबलावर पुन्हा बसायचं नाही," ती म्हणाली.

त्याचे दात वाजत होते. "ते टेबल मी केलंय, आई."

"मग घेऊन जा."

त्यानं ते नेलं नाही. आठवडाभरात गाव सोडून मात्र गेला.

पुढची वर्षं मर्ना त्या टेबलावर टर्की वाढत राहिली आणि मी जेवत राहिले. त्याचं नाव निघायचं नाही. ती फार बोलकी बाई, पण या एका बाबतीत तोंड शिवलेलं. फक्त वाढताना त्याच्या जागेकडे पाठ करून उभी राहायची. मला कळायचं. मी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं?

मग एका ऑक्टोबरात ती कोट न घालता, चपलांवर, माझ्या मागच्या दारातून आत आली. पाठीमागं दार सताड उघडं.

"ग्लेनचा फोन होता."

"जिवंत आहे?"

"दारू सोडलीय म्हणे. कधीच सोडलीय. खात्री होईपर्यंत सांगायचं नव्हतं म्हणून फोन केला नाही." ती खुर्चीवर बसली, परत उठली. "थँक्सगिव्हिंगला येऊ का म्हणून विचारतो. इडिथ, तो 'येऊ का' विचारतो. माझा मुलगा."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? 'ये' एवढंच." मग परत बसत, "म्हणाला, आई, माझ्यासाठी काही बदलू नकोस. सगळं होतं तसंच असू दे."

"मग बदलू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला मूल नाही," ती म्हणाली.

मी चहाचं पाणी ठेवलं.

महिनाभर तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. ग्लेन त्या टेबलावर परत बसला पाहिजे आणि पुढच्या वर्षीही बसला पाहिजे, बाकी जग गेलं खड्ड्यात. घरातली एकूण एक बाटली तिनं माझ्या तळघरात आणून टाकली. रविवारची गोड रीझलिंगसुद्धा. केकमध्ये घालायचा व्हॅनिलाचा अर्क मोरीत ओतला, कारण त्यातही अल्कोहोल असतं हे तिनं मलाच विचारून घेतलं होतं. जेवणाला ठरला द्राक्षाचा रस. शॅटकच्या दुकानात उभी राहून गावाला वाईन निवडून देणारी बाई स्वतःच्या टेबलावर रस ठेवणार होती.

हर्ब आणि त्याची बायको जोआन दोन दिवस आधी रताळी द्यायला आले, तेव्हा ही बातमी त्यांना कळली.

"रस?" हर्ब म्हणाला. "मी काय बालवाडीत आहे?"

"हर्ब, एक दिवस."

"तुझी टर्की रसाबरोबर गिळायची?"

"लोक गिळतात."

"लोकांनी तुझी टर्की खाल्लेली नाही, मर्ना."

"अहो, गप्प बसा," जोआन म्हणाली. "पोरगा येतोय तिचा."

"येऊ दे ना. माझा ट्रक बुडवला त्यानं, मी काही म्हटलं? मी काही म्हटलं का?"

"दरवर्षी म्हणता."

हर्ब हात कोटाच्या खिशात घालून निघून गेला. त्या खिशात काय असतं हे मर्नाला माहीत होतं. बर्बन व्हिस्कीची चपटी बाटली. आणि बर्बन पोटात गेली की हर्बला तो ट्रक आठवायचा.

आता बघा, इथं तिचा स्वभाव आडवा आला. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, हर्बला नाहीच बोलवायचं, किंवा राहू दे त्याला तहानलेला. मर्नाचं डोकं तसं चालायचंच नाही. आयुष्यभर तिनं एकच केलं होतं. टेबलावर कोण आहे ते बघायचं आणि त्याला शोभेल ती बाटली द्यायची. बुधवारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, तिनं दोन बाटल्या बाजूला काढून ठेवल्या. फ्रान्सची तांबडी, हलकी, अगदी स्वस्तातली. संध्याकाळी मला घेऊन गॅरेजमध्ये गेली.

आमच्याकडे या आठवड्यात गॅरेज म्हणजे दुसरा फ्रीज. घरातल्या फ्रीजमध्ये टर्की मावली की बाकी सगळं बाहेर. फळीवर भोपळ्याच्या दोन पाई, सफरचंदाची एक, फेटलेली साय, सगळं थंडीत झाकून ठेवलेलं. त्याच फळीच्या मागं, रंगाच्या डब्यांच्या आड तिनं बाटल्या ठेवल्या. शेजारी टर्कीची चित्रं छापलेले कागदी पेले.

"दांडगी तांबडी इथं थंडीत कडू लागली असती," ती मला सांगत होती, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं. "ही थंडच छान लागते. आणि फिरकीचं झाकण आहे. कॉर्क नाही, आवाज नाही. हर्ब आणि टॉड गाडी बघायला म्हणून येतील, एकेक पेला घेतील, परत येतील. हर्बला हलकी वाईन चढली की तो गोड होतो. ग्लेनला काही बोलणार नाही."

टॉड म्हणजे हर्बचा मुलगा.

"हर्बला एक दिवस कोरडा ठेव," मी म्हटलं. "मरत नाही."

"मरत नाही, पण बोलतो." तिनं पाईवरचं फडकं नीट केलं. "आणि ग्लेनला कळणारच नाही."

गुरुवारी ग्लेन दुपारी आला. केस पांढरे व्हायला लागले होते, पण चेहरा असा स्वच्छ, की मला वर्गातल्या खिडकीपाशी बसलेला मुलगा दिसला. मर्नानं त्याला दारातच धरलं आणि सोडेना. शेवटी तोच म्हणाला, "आई, टर्की जळतेय."

"जळू दे."

"ती तशीही जळते," मी म्हटलं.

"टॅलकटबाई!" मला शाळेतल्यासारखी हाक मारून तो हसला. "अजून मार्क कापताय?"

"तू अजून चुका करतोस का त्यावर आहे."

"कमी करतो, बाई," तो म्हणाला. साधं बोलला, पण मर्नाचे डोळे भरले.

"गाडीतून एक वस्तू आणायची राहिली," असं म्हणत तो परत दाराकडे वळला.

"नंतर आण रे. आधी टेबल तर बघ!"

त्यानं बघितलं. टेबल चकचकीत पुसलेलं, चांगल्या बश्या, मेणबत्त्या, आणि प्रत्येकाच्या जागी वाईनचा उंच पेला, आधीच भरलेला. जांभळा रस. त्यानं एक पेला उचलून नाकाशी नेला, परत ठेवला. मग तळहात टेबलाच्या कडेवरून फिरवत खिळ्याच्या भोकापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"गाडीतलं?" मर्ना म्हणाली.

"नंतर," तो म्हणाला.

जेवण चांगलं झालं. म्हणजे टर्की नेहमीसारखीच होती, जेवण चांगलं झालं. आमच्याकडे सुरुवातीला प्रत्येकजण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगतो. मला हा प्रकार आवडत नाही, मी दरवर्षी "गुडघे" म्हणते. जोआननं नातवंडं सांगितली. हर्ब आधीच एकदा 'गाडी बघून' आला होता, गाल गुलाबी, त्यानं भाच्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पोरगा परत आला, याबद्दल." बघा, मर्नाचा हिशेब चुकला नव्हता. हर्ब खरोखर गोड झाला होता. ग्लेन म्हणाला, "आईनं बोलावलं म्हणून." मर्नानं नुसता हात हलवला, चला, वाढा.

ताटं उचलली तेव्हा हर्ब आणि टॉड पुन्हा गाडी बघायला गेलेले. मर्ना पाई आणायला उठली.

"तू बस," ग्लेन म्हणाला. "मी आणतो. गॅरेजमध्येच ना?"

"नको, नको, मी आणते!" मर्ना आणि जोआन एकदमच उठल्या. फार घाईनं. खुर्च्या कर्रकन वाजल्या.

ग्लेननं दोघींकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, तो खाली बसेल. बसला असता तर बरं झालं असतं. पण तो स्वयंपाकघरातून गॅरेजच्या दाराकडे गेला, आणि पाई तीन होत्या म्हणून मी मागून गेले.

दिव्याखाली ते दोघं कोट घालून उभे होते. आम्हाला बघताच सत्तरीला आलेल्या हर्बनं कागदी पेला पाठीमागं लपवला. शाळेच्या मागं सिगारेट ओढणारी मुलं मी वर्षानुवर्षं पकडली, त्यातल्या एकाचाही चेहरा इतका केविलवाणा झाला नव्हता. टॉडनं बाटली रंगाच्या डब्यांमागं सरकवली. ती डब्याला लागून वाजली.

"मामा, लपवू नका," ग्लेन म्हणाला. "पँटवर सांडतेय."

हर्बनं पेला पुढं आणला. खरंच सांडत होती.

ग्लेननं डब्यांमागून बाटली काढली. मी पुढं झाले, पण त्याचा हात अगदी स्थिर होता. त्यानं दिव्याखाली बाटलीवरचं लेबल वाचलं, झाकण अंगठ्यानं फिरवून पाहिलं, बाटलीची थंड काच तळहातावर धरली.

"थंडीत चालणारी," तो म्हणाला. "कॉर्क नाही, आवाज नको म्हणून." मग मामाकडे बघून, "ही तुम्ही नाही आणलीत."

"अरे ग्लेन, तुलाच त्रास नको म्हणून..."

"हो, कळलं मला."

त्यानं बाटली जागच्या जागी ठेवली. दोन्ही हातांत दोन पाई घेतल्या आणि आत गेला. मी सफरचंदाची घेऊन मागून. टेबलावर पाई ठेवताना मर्ना त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"गॅरेजसाठी बाटली एकदम बरोबर निवडलीस, आई."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर ती सावरली असती, टोमण्यांची तिला सवय होती.

"ग्लेन, तुला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"मी सांगितलं होतं, काही बदलू नकोस."

"मला भीती वाटली."

"कसली? मी पिईन याची?"

मर्ना थापा मारणारी बाई नव्हती. प्रुइटच्या सासूबद्दल, मासिकातल्या कात्रणांबद्दल, कशाबद्दलही ती खरं तेच बोलायची. या वेळी तरी खोटं बोल, असं मी मनात ओरडत होते. तिनं सुरी उचलली आणि पाई कापायला घेतली.

ग्लेननं मान हलवली. मग बसून भोपळ्याची पाई शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. भांडी घासली. जोआननं नको म्हटलं तरी पुसून कपाटात ठेवली. अंधार पडायच्या सुमाराला कोट घातला. मर्ना दारात त्याची बाही धरून उभी होती.

"पुढच्या वर्षी?"

"बघू, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरलेली पाई आणायला गॅरेजमध्ये गेली, तर फळीवर एक बाटली उभी होती. तिनं ठेवलेल्यातली नव्हे. शहरातल्या कुठल्याशा दुकानाची कागदी पिशवी, मानेला नीट बांधलेली हिरवी फीत. स्पेनची साधी तांबडी. तिनं मला हाक मारली आणि तिथूनच, थंडीत उभं राहून त्याला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला त्याच्याच आवाजात ऐकू येतं.

"दुकानातल्या मुलीनं विचारलं, कशाबरोबर हवी? मी म्हटलं, टर्कीचं सोड. टेबलावर माझी आई आहे, मामा आहे, माझ्या शाळेच्या बाई आहेत. आणि आईची टर्की फार कोरडी असते. मग तिनं ही दिली. शेजारच्या सीटवर ठेवून आणली, आई. पट्टा लावून. वाटेत एकदाही उघडावीशी वाटली नाही. ती तुझ्या हातात द्यायची होती, तू सगळ्यांना ओतायची होतीस, आणि मी पाणी प्यायचं होतं. एवढंच दाखवायचं होतं मला."

"ये," मर्ना म्हणाली. "आत्ता ये. आपण उघडू."

"नको, आई. आता नको."

तो वाईट मुलगा नव्हता. नाताळाला फोन करायचा. वाढदिवसाला कार्ड यायचं. छप्पर गळायला लागलं तेव्हा पैसे पाठवले. पुन्हा प्यायला नाही, हेही सांगते, नाहीतर लोक तसलाच शेवट गृहीत धरतात. फक्त आला नाही. दर ऑक्टोबरात ती विचारायची आणि तो म्हणायचा, "या वर्षी काम आहे." सुताराला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कसलं काम असतं? तीही विचारायची नाही.

ती बाटली तिनं जेवणघरातल्या कपाटात ठेवली, शेगडीच्या भिंतीला लागून. तो आला की उघडायची. मी किती वेळा ओरडले. "मर्ना, ही ठेवायची वाईन नव्हे, तूच सांगतेस सगळ्या गावाला. आणि तीही शेगडीशेजारी! शिरका होईल तिचा."

"झाला तर झाला."

"मग निदान थंड जागी तरी ठेव."

"इथं दिसते मला," ती म्हणायची.

दुकानात मात्र तिच्यात एक फरक पडला, जो फार कुणाच्या लक्षात आला नाही. माझ्या आला. पुढच्या नोव्हेंबरात प्रुइट रांगेत उभा राहिला, मर्नाबाई, स्वस्तातलं काहीतरी, टर्कीबरोबर जाईल असं. मी पुढचा प्रश्न ऐकायला थांबले. तिनं मान वर न करता डावीकडच्या फळीकडे बोट दाखवलं.

"पांढऱ्या तिथं. तांबड्या त्याच्या खाली."

प्रुइट जरा वेळ तसाच उभा राहिला. "सासूबाई येताहेत या वर्षीही," तो आपणहून म्हणाला.

"बरं," मर्ना म्हणाली. "पुढचा?"

टेबलावर कोण आहे, हे तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. पहाटे मेंदूत रक्तस्राव झाला आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. ग्लेन त्याच संध्याकाळी आला. आता तोही पन्नाशी ओलांडलेला माणूस, चष्मा लावतो. अंत्यविधी झाला, हर्बला जोआननं हाताला धरून घरी नेलं, आणि आम्ही दोघं मर्नाच्या जेवणघरात राहिलो. तो टेबलापाशी बसला. माझ्या माहितीत त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच. मी कपाट उघडून चांगल्या बश्या मोजायला लागले, कारण मला नुसतं बसता येत नाही.

"ती काय आहे?" तो म्हणाला.

हिरवी फीत पिवळट पडली होती, पण गाठ त्याचीच होती.

"उघडली नाही?"

"तू आल्यावर उघडायची होती."

तो उठून खणातून कॉर्क काढायचा स्क्रू घेऊन आला. कॉर्क भुगा होऊन आला. त्यानं एका उंच पेल्यात ओतली आणि पेला माझ्यापुढं सरकवला. रंग तांबडा राहिलाच नव्हता, विटेसारखा झाला होता.

"घ्या, बाई. मी घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण कुणीतरी घ्यायला हवी."

मी घेतली. एवढी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, वासावरूनच कळलं होतं. तरी एक घोट घेतला.

"कशी आहे?"

"शिरका झालाय," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. पेला माझ्या हातातून घेऊन नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला. मी अडवलं नाही. मग स्वयंपाकघरात गेला. मोरीत ओतल्याचा आवाज आला, आधी पेल्याचा, मग बाटलीचा, खूप वेळ. नळ सोडून त्यानं बाटली विसळली. परत आला तेव्हा रिकामी बाटली हातात होती, ती त्यानं टेबलाच्या कडेला ठेवली, खिळ्याचं भोक चुकवून.

"बाई, त्या वर्षी टर्की कशी झाली होती हो? मला काही आठवत नाही. खाल्ली ते आठवतं, चव आठवत नाही."

"कोरडी," मी म्हटलं. "अशी कोरडी, की मी रसाचे चार पेले प्याले."

त्याला हसू आलं. हसता हसता त्यानं टेबलावर डोकं ठेवलं, आणि मी बश्या मोजायच्या थांबवून त्याच्या आईच्या खुर्चीवर बसले.